मोनाझाइटच्या एका कणात दोन वयं निघतात, म्हणून पद्धत खोटी?

पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मोनाझाइटवरून (थोरियम असलेलं एक खनिज) काढलेलं खडकाचं वय थोतांड आहे, कारण एकाच कणाच्या गाभ्यात एक आकडा येतो आणि कडेला दुसरा, कार्बन डेटिंगसारखाच हा अंदाजपंचे कारभार, आणि सह्याद्रीच्या दगडाला ही पद्धत लागूच पडत नाही. भूगोल शिकवणारी माणसंही तो पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

कार्बनचा इथे संबंधच नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, थोरियम-२३२ चं सुमारे १,४०० कोटी. मोनाझाइटमध्ये मोजतात ते थोरियम, युरेनियम आणि त्यांच्यापासून तयार झालेलं शिसं.

गाभा आणि कड यांची वयं वेगळी येतात, हे मात्र खरं. तीच तर या खनिजाची खरी किंमत! खडक खोल गाडला जाऊन तापतो तेव्हा मोनाझाइट वाढतं. कोट्यवधी वर्षांनी पुन्हा तापला, की जुन्या कणावर नवा थर चढतो. ७००-८०० अंशांनाही आतलं शिसं सहसा हलत नाही, म्हणून गाभ्याचं वय टिकतं. कोणता थर कोणत्या घटनेचा, हे इट्रियम नावाचं मूलद्रव्य सांगतं. त्याच खडकातलं गार्नेट हे खनिज वाढताना इट्रियम स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे त्या काळातल्या मोनाझाइटमध्ये ते कमी असतं. पुढे दाब उतरून गार्नेट विरघळू लागलं, की ते मोकळं होतं आणि मोनाझाइटची कड इट्रियमने भरते. म्हणजे कडेचं वय हे अनेकदा डोंगर वर उचलला जाण्याच्या काळाचं वय असतं. आधी रसायन वाचायचं, मग आकडा.

शंका घ्यायचीच तर दुसरीकडे घ्या. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) शिशाची समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे अणू, वेगळी करत नाही. सगळं शिसं किरणोत्सारातूनच आलं, असं धरून चालतो. मोनाझाइट जन्मतः फारसं शिसं घेत नाही, म्हणून हे बहुधा निभावतं. पण गरम द्रवांनी कण विरघळून पुन्हा घडला असेल, तर घड्याळ नव्याने सुरू होतं. म्हणूनच आधी कणाचा रासायनिक नकाशा काढतात, आणि संशय असेल तिथे समस्थानिकं मोजतात.

राहिला सह्याद्री. पुण्याच्या वेताळ टेकडीचा बेसाल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो रूपांतरित, म्हणजे खोलवर उष्णता-दाबाने बदललेला खडक नाही, म्हणून तिथे मोनाझाइट कामाचं नाही; पण हा पद्धतीचा दोष नव्हे. त्याचं वय आर्गॉन वायूवरून आणि लाव्हाच्या थरांमधल्या झिरकॉन या खनिजावरून काढतात. महाराष्ट्रातले रूपांतरित खडकच हवे असतील, तर नागपूर-भंडाऱ्याकडचा सौसर पट्टा आहे. तिथल्या मोनाझाइटची वयं शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे येतात.