जलपर्णीला गर्दीची भीती नसते

तलावातली जलपर्णी काढायला येता का, असं विचारलं की माणसं येतात. लोकांबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती मोहिमेच्या आखणीबद्दल. रविवारची सकाळ, दोन-तीनशे माणसं, एकसारखे टी-शर्ट, बॅनर, वर घिरट्या घालणारा ड्रोन आणि दुपारपर्यंत काठावर हिरवा डोंगर. संध्याकाळी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. दोन महिन्यांनी त्याच जागी उभं राहून तिसरा फोटो मात्र कोणी काढत नाही, कारण तो पहिल्यासारखाच येतो.

का येतो ते जुन्या रुपया-आण्याच्या हिशेबात बघा. ऊन चांगलं आणि पाणी घाण असलं की जलपर्णी साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, तुम्ही एका दिवसात खरोखरच पंधरा आणे तलाव मोकळा केलात आणि एकच आणा राहिला. दोन आठवड्यांनी दोन आणे, मग चार, मग आठ, मग सोळा. संपलं. आणि पंधरा आणे काम एका रविवारी झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तो उरलेला आणा असतो कुठे? लव्हाळ्यात, दगडांच्या बेचक्यांत, पाण्यावर वाकलेल्या झुडपांखाली, नाल्याच्या तोंडाशी. गर्दी तिथे जात नाही. गर्दी मधल्या दाट पट्ट्यावर तुटून पडते, कारण तिथे ढीग लवकर वाढतो आणि ढीग दिसला की हुरूप येतो. पण त्या ढिगाचं जवळपास ९५ टक्के वजन म्हणजे नुसतं पाणी!

एक रोप नीट काढून बघा, म्हणजे घाई का चालत नाही ते कळेल. फुगीर देठांच्या झुबक्याच्या बुडातून आडवी खोडं फुटलेली असतात, दोरीसारखी, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक पिल्लू, रुपयाच्या नाण्याएवढ्या पानांचं. शेंडा धरून हिसका दिला की दोरी तटकन तुटते आणि पिल्लू निवांत तरंगत निघून जातं. म्हणून हात रोपाखाली घालायचा, दोरी चाचपायची आणि पिल्लासकट ओढून घ्यायचं. मग काळ्या-जांभळ्या, पिसासारख्या मुळ्या पाण्यातच दोन-चारदा खळबळायच्या. त्यातून माशांची बारकी पिल्लं, गोगलगायी, पाणकिडे असं बरंच काही सुटं होतं. तीनशे माणसांच्या धांदलीत हे सगळं थेट काठावर जाऊन वाळतं.

बियांची गोष्ट तर वेगळीच. ते सुंदर जांभळं फूल कोमेजलं की त्याचा दांडा खाली वाकतो आणि बी पाण्यात सोडतो. गाळात पडलेलं बी वीसेक वर्षंही जिवंत राहू शकतं. वरचं छप्पर काढलंत की ऊन तळापर्यंत पोचतं आणि उथळ काठावर तेच बी उगवून येतं. म्हणजे जिथे उत्तम सफाई झाली, तिथेच पुढे पाळत ठेवायला लागते.

म्हणून माझं मत असं: वर्षातून एकदा तीनशे जण येण्यापेक्षा दर पंधरवड्याला सहा जण आलेले बरे. तेच सहा जण, तोच काठ, फुलं धरायच्या आत. मोठ्या पट्ट्यासाठी यंत्र आणा, माझी ना नाही. पण यंत्राला उथळ काठ आणि बेचके जमत नाहीत. तिथे माणसाचाच हात हवा.

वनस्पती कोणती आहे, हेही आधी बघा. हायड्रिलासारखी बुडालेली वनस्पती यंत्राने कापली, तर प्रत्येक तुकडा नवं रोप होऊ शकतो. उलट आपला शिंगाडा! अमेरिकेच्या ईशान्य भागात तो उपद्रवी परका आहे. शॅम्प्लेन सरोवरात स्वयंसेवक छोट्या होड्यांतून फिरत तो हाताने उपटतात आणि ते काम फळतं, कारण तो एका हंगामाचा पाहुणा. फळं गळायच्या आत उपटला की त्या रोपाचा वंश तिथेच खुंटला. तरी तळातलं बी बाराएक वर्षं टिकू शकतं, त्यामुळे दरवर्षी जावंच लागतं. जलपर्णी एवढी सरळ नाही.

(माणूस काय काय सुचवतो! १९१० मध्ये लुइझियानाचे रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी अमेरिकेच्या संसदेत विधेयक मांडलं होतं की आफ्रिकेतून पाणघोडे आणा, ते जलपर्णी खातील आणि आपण पाणघोडे खाऊ. विधेयक बारगळलं, हे पाणघोड्यांचं नशीब.)

भुंगेऱ्यांचा उपाय मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. निओकेटिना जातीचे भुंगेरे जलपर्णीवरच जगतात. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात ते १९९० च्या दशकात सोडले आणि दशक सरता सरता जलपर्णी मोठ्या प्रमाणात ओसरली. एल निनोच्या काळातल्या हवामानाचाही त्यात हात होता, असं मानणारे अभ्यासक आहेत. पण याला वर्षं लागतात. तुमच्या तलावात ते सोडले असतील तर तो पट्टा उपटू नका, भुंगेरेही ढिगात जातील. आणि तणनाशक मारून सगळं एकदम मारलंत तर ते तळाशी बसून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

व्हिक्टोरियाच्या विनाम आखातात जलपर्णी पुनःपुन्हा उसळत राहिली आहे. त्यात नवल नाही. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिले, की तिला खुराक चालूच. आपण काढलेल्या ढिगाबरोबर थोडा फॉस्फरस बाहेर जातो हे खरं, पण तोच ढीग काठावर सोडला तर पहिल्या पावसात तो परत आत. काही रोपं तर जिवंत परत जातात. ढीग पाणी पोचणार नाही इतका लांब न्या. नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल, तर त्या ढिगाचं खत भाजीपाल्याला घालू नका, ही वनस्पती जड धातू शोषून घेते.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्या पाण्यात कधीच उतरत नाहीत. त्या नाल्याच्या कडेने उलट्या दिशेने चालत जातात, कुठला पाइप कुठे सोडलाय त्याचे तारखेसकट फोटो काढतात आणि अर्ज देतात. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाहीत. नवीन येणारे विचारतात, या काय काम करतात? मी सांगतो, आम्ही जलपर्णी काढतो, त्या तिचा खुराक तोडतायत. तुमच्याकडे चिखलात उतरायला माणसं खूप असतील आणि असं कोणी नसेल, तर आधी असा माणूस शोधा. हातमोजे आणि लाइफ जॅकेट नंतर मागवा, पण ते अंगावर असल्याशिवाय पाण्यात कोणाला उतरवू नका.