पाच घोडे, दोन घोड्या

सोसायटीच्या फलकावर परवापासून नोटीस लागली आहे. ‘पार्किंगमध्ये ज्वलनशील कृत्ये केल्याबद्दल सदनिका क्र. ३०४ यांस रु. ५००/- दंड.’ ३०४ म्हणजे मी. त्याच फलकावर ‘लिफ्टचे काम लवकरच सुरू होत आहे’ ही नोटीस दिवाळीपासून पिवळी पडते आहे. तिला दंड नाही. माझी कृत्यं मात्र अनेकवचनी.

कृत्य एकच होतं. माझ्या १९९८ च्या एस्टीम गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड टिचला होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे धाडणारा बिडाचा पंजा. पंचवीस-सव्वीस वर्षं तापून-निवून बीडसुद्धा शेवटी तडकतं. जुन्या बाजारात दोन मिळाले, दोन्ही माझ्यापेक्षा जास्त टिचलेले. म्हणून हेडर मागवला. स्टीलचे चार वळणदार पाइप, आधी दोनात आणि मग एकात मिसळणारे. खोक्यावर लिहिलं होतं, पाच हॉर्सपॉवर जादा. माझ्या १२९८ सीसीच्या इंजिनात मुळात घोडे पासष्ट, तेही तरुणपणी. त्यात पाच नवे येतायत म्हटल्यावर मोह पडतो हो.

शनिवारी सकाळी सातला गाडीचं तोंड जॅकवर उचललं, दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या (गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी तिवया, पाच घोड्यांसाठी दोन घोड्या, हा हिशोब मला आधीच विचित्र वाटायला हवा होता) आणि खाली शिरलो. सव्वासातला पाय आले.

बी-विंगचे काका. बँकेतून निवृत्त. गाडीखालून मला त्यांचे फक्त पाय दिसत. पायजम्याची एक नाडी लोंबती, निळ्या पट्ट्याची स्लिपर, आणि उजव्या अंगठ्याचं नख असं की त्यानंच नट सुटले असते. पुढचे चार तास माझा जगाशी संबंध त्या अंगठ्यामार्फत होता.

“काय झालं?” अंगठा म्हणाला.

“हेडर बसवतोय.”

“चालत होती ना गाडी?”

“हो.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. चार पाइपांची गंमत मी तरी समजावली. इंजिनाच्या नळकांड्या एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं पेटतात. म्हणून एक आणि चारची जोडी लावायची, दोन आणि तीनची दुसरी. म्हणजे नळावर बायका पाळीनं येतात तसं, एकीचा हंडा भरून ती निघाली की मगच त्या नळावर दुसरी. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चौघी एकदम घुसतात आणि कळशीला कळशी लागते. मी खूश झालो. उपमा झोपूनही सुचतात.

“आमच्याकडे पाणी आजही साडेपाचलाच गेलं,” काका म्हणाले.

मग खुर्ची आली. वॉचमनमामांच्या केबिनमधली प्लास्टिकची, एक पाय इंचभर तुटका. काका बसले की खुर्ची टक् करून एका बाजूला कलायची, हलले की टक् करून दुसऱ्या. मी आदल्या रात्रीपासून रॉकेल पाजून ठेवलेल्या नटांवर कान देऊन होतो, सैल होताना आवाज येतो म्हणून. दर टक्ला मला वाटायचं, सुटला.

“डावीकडे फिरवा,” काका म्हणाले.

“कोणाच्या डावीकडे?”

“डावीकडे म्हणजे डावीकडे.”

“काका, मी उताणा आहे.”

यावर ते विचारात पडले. दूधवाल्याला थांबवून त्याचं मत घेतलं. दूधवाला स्वतः वाकून माझ्या तोंडाकडे बघून गेला, प्रेतदर्शनाला आल्यासारखा. दोघांचं ठरलं की उताण्या माणसाची डावी उजवीकडे येते, पण नटाची येत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि नेहमीच्याच बाजूला फिरवला. बारा नंबरचा रिंग पाना, त्याच्यावर फूटभर पाइपाची जोड. नट चर्रकन हलला, अर्धा फेरा आला, आणि मग हाताला एकदम सगळं मऊ लागलं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तोडलाय त्याला तो मऊपणा माहीत असतो.

“तुटला वाटतं,” काका म्हणाले. खोटं कशाला बोलू, आवाजात सहानुभूती होती. पण पाठोपाठ आलंच, “एम-सील लावा.”

सहा-सातशे अंशापर्यंत तापणाऱ्या जागेला एम-सील! संडासाच्या टाकीपासून संसारापर्यंत सगळं एम-सीलनं जोडलेली ही पिढी. मी गप्प राहिलो. बायकोनं दोन चहा पाठवले होते. एक काका बशीतून फुर्रकन पीत होते, दुसरा माझ्या डोक्यापासून दीड फुटावर जमिनीवर. माझा एक हात वर अडकलेला, दुसऱ्याला ग्रीस. “तुमचा निवतोय हो,” काका मधूनमधून सांगत. शेवटी म्हणाले, “वाया कशाला घालवायचा,” आणि पायांजवळून एक हात आला आणि कप वर गेला. त्या हाताला मी अजून माफ केलेलं नाही.

टक् टक् मात्र नंतर थांबली. “आता कशी घट्ट बसली,” काका म्हणाले.

“काय बसली?”

“तुमचं चालू द्या.”

वेल्डर आला. तुटक्या स्टडच्या थोट्यावर नवा नट ठेवून त्यानं आतून वेल्डिंग मारलं, लाल असतानाच पाना लावला आणि लोण्यातून केस ओढावा तसा स्टड काढला. सात मिनिटं, सहाशे रुपये. जाताना माझ्या पान्यांच्या पेटीकडे बघून हसला, तेवढं मात्र फुकट.

हेडर बसला. उष्णतारोधक पत्रा परत लावायला दहाची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पान्याचा तुकडा) हवी होती. सकाळी मीच चाकाशेजारी ठेवलेली. टायरखाली पाहिलं, बोळ्यांत पाहिलं, स्वतःच्या खिशांत तीनदा. नाही. नाना पेठेत जाऊन नवी आणली. दुकानदारानं न विचारताच दहाची काढून ठेवली. म्हणाला, लोकांची हीच हरवते.

गाडी सुरू करण्याआधी मी स्पष्ट सांगितलं होतं. नव्या पाइपाला तेल असतं, ते जळेल, धूर येईल, पाचेक मिनिटांत थांबेल. “घाबरतंय कोण?” काका म्हणाले. इंजिन छान लागलं. बॉनेटखालून पांढरा धूर निघाला, अपेक्षेइतकाच. मी ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून नव्या घोड्यांच्या टापा ऐकत होतो, तेवढ्यात “मामा! बालदी!”

आमच्या जिन्याखाली ‘आग’ लिहिलेल्या चार लाल बालद्या आहेत. त्यात कधीकाळी वाळू होती. आता थोडी वाळू, बाकी विड्यांची थोटकं, पानाच्या पिंका आणि कोणाच्या तरी सत्यनारायणाचं निर्माल्य. हे सगळं, दोन बालद्या, चालत्या इंजिनावर. एअर फिल्टरचं झाकण लावलेलं होतं म्हणून कार्ब्युरेटर वाचला. पंख्यानं उरलेलं पार्किंगभर वाटलं. झेंडू माझ्या शर्टावर आला.

माझा मुद्दा साधा आहे. समितीपुढे काकांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं, मूळ गाडीत फेरफार करायची नाही. मी म्हटलं, आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांबद्दल आहे ते, आणि त्यात मॅनिफोल्डचं नावही नसतं. मागचा सायलेन्सर कंपनीचाच आहे, या, ऐका. कोणी ऐकायला आलं नाही. आणि सी-विंगमधला तो मुलगा रोज रात्री दीडला बुलेटचा सायलेन्सर फाडून फटाके वाजवत येतो, माझ्या म्हाताऱ्या आईला दचकून उठून बसावं लागतं, त्याला एक चिठ्ठी नाही. त्याचे वडील खजिनदार आहेत. पाचशे रुपयांचं दुःख नाही, पावतीवर त्यांचीच सही असणार आहे याचं आहे.

पाच घोड्यांचं म्हणाल तर सिंहगडाच्या चढावर मला दोन जाणवले. बायकोला एकही नाही.

काल संध्याकाळी दंड भरून येताना वॉचमनमामा म्हणाले, साहेब, खुर्ची तेवढी केबिनमध्ये ठेवाल? माझ्याच गाडीशेजारी होती अजून. उचलली. तुटक्या पायाखाली, उभी, तेल लागलेली, अगदी मापात बसलेली दहाची गोटी.

काका गॅलरीत होते. “असू दे हो,” वरून म्हणाले, “नाहीतर परत हलेल ती.”