लावले तेवढे परत

परसात लावलेले बटाटे काल खणून काढले. हातांची माती अजून निघालेली नव्हती, तोच शेजारचे काका कुंपणावरून वाकले आणि टोपलीकडे पाहून म्हणाले, "अरे वा, लावले तेवढे परत मिळाले वाटतं!"

मी शांतपणे सांगितले की लावलेला बटाटा परत मिळत नसतो. त्याच्या डोळ्यांतून कोंब येतात, कोंबांच्या जमिनीखालच्या भागाला आडव्या फांद्या फुटतात, त्यांची टोके फुगून नवे बटाटे तयार होतात आणि तोपर्यंत बेण्याचा मूळ तुकडा बहुधा कुजून गेलेला असतो.

"म्हणजे तेही गेले?" काका हळहळले.

त्यानंतर त्यांनी सर्वांत मोठा, म्हणजे लिंबाएवढा, बटाटा उचलला. "मुळं फारच बारीक धरलीत."

"काका, बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे."

"खोड जमिनीखाली कशाला जाईल?"

"त्याचे डोळे पाहा. मुळाला असे डोळे नसतात. रताळे हे मूळ."

"मग रताळी लावायची ना! आणि डोळे असून याला वाढायचं कळलं नाही?"

वाढायचे त्याला कळत होते. परंतु बटाटा पोसण्यासाठी जमिनीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असावे लागते आणि ३० अंशांच्या आसपास गेले की कंद धरणे जवळजवळ थांबते. यंदा ऊन वेळेआधी तापले. पाला माजला आणि खाली हे लिंबू उरले. त्याच पाल्याकडे पाहून "पोतंभर निघतील" असे भाकीत याच काकांनी केले होते, हे त्यांना आता स्मरत नव्हते.

माझी खरी तक्रार निराळी आहे. टोमॅटो, मिरची आणि वांगे ही बटाट्याचीच भावंडे. पण ती आपली प्रगती दररोज चारचौघांत दाखवतात. बटाटा तीन-चार महिने मातीखाली काय करतो ते कोणालाच दिसत नाही, आणि मग एकाच सकाळी सर्वांसमक्ष त्याचा निकाल लागतो. मी उन्हात वाकून रोपांना मातीची भर लावत होतो, तेव्हा कुंपणावर कोणीही नव्हते. "एखादं उपटून बघा" हा सल्ला मात्र दर आठवड्याला वरच्या गच्चीतून मिळत असे.

"बटाट्याला लागतं काय? आपोआप येतो," काका म्हणाले. हे आपोआप येणारे पीक १८४५ साली आयर्लंडात करप्याने कुजले आणि पुढच्या काही वर्षांत दुष्काळाने व रोगराईने सुमारे दहा लाख माणसे मेली, असे मी सांगू लागलो. पण काकांनी तोवर टोपलीच्या तळाचा एक हिरवट बटाटा बाहेर काढला होता.

"हा कच्चा आहे."

"कच्चा नाही. पावसाने भर वाहून गेली आणि त्याला प्रकाश लागला. अशा बटाट्यात सोलॅनिन वाढते. ते विषारी असते, म्हणून तो खायचा नाही."

काकांनी बटाटा खाली ठेवला आणि हात माझ्याच टॉवेलला पुसले.

आज सकाळी फाटकापाशी दोन शेजारणींनी मला थांबवून, माझ्या मातीत विष निघाल्याचे खरे आहे का, अशी काळजीने चौकशी केली. ही बातमी देणाऱ्या काकांनी काल जाताना टोपलीतले चांगले बटाटे निवडून नेले होते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.