नाशिककरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : छोट्या गाडीला टर्बोच का

नाशिककर, नमस्कार.

‘छोट्या गाडीला टर्बो की सुपरचार्जर’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत. इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी ही दोन यंत्रं; टर्बो इंजिनच्या धुराच्या झोताने फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टने, आणि छोट्या गाडीला टर्बोच बरा असं माझं म्हणणं होतं. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण काही आकडे पुन्हा तपासावे लागले आणि एका ठिकाणी मला माझंच लिखाण दुरुस्त करावं लागलं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. ‘टर्बोचा लॅग आता इतिहासजमा झाला’ (लॅग म्हणजे पाय दाबल्यापासून जोर मिळेपर्यंतचा उशीर) हे माझं वाक्य धादांत चुकीचं आहे, कारण कसारा घाट चढताना ट्रकमागून निघायच्या वेळी तुमच्या मित्राची टर्बो पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये झोपते. सुपरचार्जर ‘इंजिनची ताकद खातो’ हे मी वाढवून सांगितलं, आणि टर्बो फुकटात चालतो असा समज करून दिला. मिनी आणि निस्सानने छोट्या गाड्यांना सुपरचार्जर लावले होतेच; कंपन्या टर्बोकडे वळल्या त्या कर वाचवण्यासाठी, चालवणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. आणि शेवटी, मारुतीचं १.२ लिटर ड्युअलजेट, म्हणजे टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन असलेल्या तुमच्या गाडीला बाहेरून किट मागवून सुपरचार्जर बसवायचा तुमचा विचार आहे.

लॅगचं आधी. ते वाक्य चुकलं, आणि आज मी ते मूळ लेखातून काढलं आहे. लॅग कमी झाला आहे, संपलेला नाही.

मी फसलो ते टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या ओढायच्या जोराच्या, आलेखांमुळे. कंपनी सांगते की १५००-१६०० आरपीएमपासून (मिनिटाला इंजिनचे फेरे) पूर्ण टॉर्क मिळतो, आणि ते खोटं नसतं. पण तो टॉर्क मोजतात तो इंजिन एका ठरावीक आरपीएमला धरून ठेवून. टर्बाइनला, म्हणजे धुराने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला, वेग घ्यायला हवा तेवढा वेळ तिथे मिळतो. कसाऱ्यात तुम्ही ट्रकमागे पाय उचललेला असतो, धूर कमी झालेला असतो, टर्बाइन मंदावलेली असते. तुम्ही पाय दाबता तेव्हा इंजिनात आधी साधीच हवा जाते, मग जास्त इंधन जळतं, मग जास्त धूर निघतो, मग टर्बाइन वेग घेते आणि मग कुठे दाबलेली हवा आत येते. या साखळीला लागणारा वेळ आलेखावर दिसत नाही, पायाला मात्र कळतो. सुपरचार्जर बेल्टने क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याशी, बांधलेला असतो, त्यामुळे त्याला ही वाट पाहावी लागत नाही. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मात्र तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्या आहेत असं मला वाटतं. तिसऱ्या गिअरमध्ये १४००-१५०० आरपीएमला चढावर गाडी ओढत नाही, त्याचं मुख्य कारण लॅग नसतं. तेवढ्या फेऱ्यांना टर्बाइन फिरवण्याइतका धूरच नसतो. पाय कितीही वेळ दाबून ठेवला तरी फेरे वाढेपर्यंत काही होत नाही. माझ्या पहिल्या डिझेल हॅचबॅकने मला हे शिकवलं. २००० च्या खाली ती अगदी निपचित असायची. आंबेनळी घाटात पोलादपूरहून चढताना प्रत्येक वळणाआधी दुसरा गिअर टाकायची सवय लागली आणि मग त्या गाडीने कधी दगा दिला नाही. दुसरा टाकला की तेच इंजिन २३००-२४०० ला जातं आणि टर्बो जागा होतो. योग्य गिअरमध्ये असूनही पाय दाबल्यावर जो उशीर लागतो, तो खरा लॅग. आजच्या एक लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये तो बराच आटोक्यात आला आहे. मित्राच्या गाडीत एकदा दुसऱ्या गिअरवर तोच चढ चढून बघा. तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग तिथेच सुटेल. उरलेला निम्मा खरा आहे.

तीन सिलिंडरचा उल्लेख केला तो उगाच नाही. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एका सिलिंडरचा धूर बाहेर पडतो आणि तो शेजारच्या सिलिंडरच्या धुरात घुसून गोंधळ करतो. तो टाळायला धुराचे मार्ग दोन भागांत विभागावे लागतात. तीन सिलिंडरमध्ये हे अंतर २४० अंशांचं असतं, त्यामुळे प्रत्येक झोत टर्बाइनवर स्वच्छ आदळतो. छोटं तीन सिलिंडर इंजिन आणि टर्बो यांची जोडी जमते ती अशी. लोक तीन सिलिंडरच्या थरथरीला नावं ठेवतात, पण टर्बोसाठी ही रचना वरदान आहे, आणि मूळ लेखात मी हे सांगायला हवं होतं.

आता ताकद खाण्याबद्दल. अंदाजाने बोलण्यापेक्षा तुमच्याच १.२ लिटर इंजिनचा हिशोब मांडू. ५५०० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण ३३०० लिटर हवा ओढतं. अर्धा बार बूस्ट, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी निम्मा दाब, द्यायचा म्हटलं तर सेकंदाला सुमारे ९० ग्रॅम हवा दाबावी लागते. रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तरी या कामाला साडेपाच ते सहा किलोवॅट, म्हणजे आठेक अश्वशक्ती लागते. ती बेल्टमधून, थेट क्रँकवरून जाते. ९० अश्वशक्तीच्या इंजिनातून आठ जाणं ही लहान गोष्ट नाही. पाच लिटरच्या व्ही-८ मध्ये (आठ सिलिंडरचं मोठं इंजिन) वजावट आकड्याने जास्त असते, पण ताकद मुळातच भरपूर असल्यामुळे ती जाणवत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांवर सुपरचार्जर शोभतो. छोट्या इंजिनाकडे मुळात शिल्लकच कमी असते, आणि माझ्या लेखाचा सगळा रोख तिथे होता.

याच हिशोबातून उष्णताही कळते. ३५ अंशांची हवा या दाबकामात ९५ अंशांच्या आसपास पोचते. चांगला टर्बो हेच काम थोड्या जास्त कार्यक्षमतेने करतो, तरी पन्नासेक अंशांची वाढ त्यातही होतेच. म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर दोघांनाही हवा.

टर्बो फुकट चालतो असं मी शब्दशः म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसंच वाटेल असं लिहिलं होतं, हे मान्य. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे निघून जातो आणि टर्बो त्यातला थोडा वाटा परत मिळवतो. पण टर्बाइन धुराच्या वाटेत उभी असते. तिच्यामुळे मागे दाब साचतो आणि धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. किंमत टर्बोही घेतो, फक्त सुपरचार्जरपेक्षा कमी. उलट बाजूने, सुपरचार्जर सारा वेळ ताकद खात नाही हा तुमचा मुद्दाही बरोबर आहे. हलक्या पायाने चालवताना बायपास झडप उघडते आणि हवा नुसती गोल फिरते. काही गाड्यांत तर क्लच देऊन तो पूर्ण बंदच करतात.

निस्सानने २०११ मध्ये युरोपात आणलेली मायक्रा डीआयजी-एस अशीच होती. १.२ लिटर, तीन सिलिंडर, ९८ पीएस (जवळपास तेवढीच अश्वशक्ती), आणि किलोमीटरला अवघा ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. युरोपातली मायक्रा त्या काळी चेन्नईजवळच्या कारखान्यातून जायची, पण ही सुपरचार्जरवाली आपल्याला कधी मिळाली नाही. तुम्ही या गाडीची आठवण काढलीत याचा आनंद झाला. मूळ लेखात ती नसणं ही उणीवच होती. पण २०१७ साली नवी मायक्रा आली तेव्हा तिच्यात ०.९ लिटरचं टर्बो इंजिन होतं.

मिनीची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण तिथे साधारण त्याच आकाराच्या, त्याच स्वभावाच्या गाडीत बदल झाला. पहिल्या मिनी कूपर एसमध्ये १.६ लिटर इंजिनावर ईटन कंपनीचा सुपरचार्जर होता : १६३ पीएस आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क, तेही ४००० आरपीएमला. २००६ च्या अखेरीस आलेल्या पुढच्या पिढीत १.६ लिटरच, पण टर्बो : १७५ पीएस आणि २४० न्यूटन मीटर, १६०० आरपीएमपासून. सुपरचार्जर म्हणजे खालच्या फेऱ्यांना जोर आणि टर्बो म्हणजे वरच्या, ही आपल्याकडची समजूत या जोडीत उलटी पडते. तरीही जुन्या मिनीचे चाहते आजही तिच्या सुपरचार्जरच्या शिट्टीसाठी आणि पायाला लगेच मिळणाऱ्या उत्तरासाठी तिच्यावर जीव टाकतात. मी त्यांना चूक म्हणणार नाही. त्यांना हवं ते त्या गाडीत आहे.

फोक्सवॅगनने तर दोन्ही एकत्र बांधून पाहिले. गोल्फ जीटीच्या १.४ लिटर इंजिनात खालच्या फेऱ्यांना सुपरचार्जर, ३५०० च्या वर एकटा टर्बो, आणि ताकद १७० पीएस. इंजिनिअरिंग म्हणून मला ते आजही थक्क करतं. पण दोन यंत्रं, चुंबकीय क्लच, झडपा, बेल्ट हा सगळा पसारा एका लहान बॉनेटखाली सांभाळायचा होता. पुढच्या पिढीच्या १.४ इंजिनात कंपनीने एकटा टर्बो ठेवला. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्येही १.२ लिटर आणि फक्त टर्बोच होता, १०५ पीएसचा.

एका मुद्द्याला तुमच्या प्रतिक्रियेत स्पर्शच नव्हता, तो म्हणजे उंची. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने कमी असतो, लेहला तिसऱ्या हिश्श्याने. बेल्टवरचा सुपरचार्जर क्रँकच्या ठरलेल्या पटीतच फिरतो, म्हणून जितकी हवा विरळ तितकी त्याची दाबलेली हवाही विरळ. टर्बो मात्र जास्त जोरात फिरून बरीचशी तूट भरून काढतो.

कराबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, या मर्यादेत बसलं की कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि मर्यादेबाहेरच्यांना ४०. त्यामुळे दीड लिटरचं साधं इंजिन टाकण्यापेक्षा एक लिटरच्या इंजिनात हवा कोंबणं कंपनीला परवडतं. पण यातून छोटं इंजिन का, एवढंच कळतं. १२०० सीसीच्या आत सुपरचार्जर लावला असता तरी कर तेवढाच बसला असता. टर्बो निवडला गेला तो एव्हरेज आणि उत्सर्जनाच्या हिशोबात पुढे राहिला म्हणून, आणि तो हिशोब शेवटी तुमच्या पेट्रोलच्या बिलातही उतरतो.

आता तुमच्या किटबद्दल. हे कळकळीने लिहितोय : ते करू नका.

तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पटींनी दाबली जाते ते प्रमाण, १२ ला १ च्या आसपास आहे. हवा स्वतःहून आत ओढणाऱ्या इंजिनासाठी ते उत्तम, म्हणून तर एव्हरेज इतकं छान मिळतं. त्याच कंपनीच्या एक लिटर बूस्टरजेट टर्बोचं कॉम्प्रेशन मुद्दाम १० ला १ ठेवलं आहे, आणि इंधनही थेट सिलिंडरमध्ये फवारतात, म्हणजे आतली हवा थंड राहते. तुमच्या इंजिनात आधीच तापलेली, दाबलेली हवा आणखी बारा पटींनी दाबली जाईल. वैशाखात सिन्नरच्या चढावर चार माणसं घेऊन गाडी ओढली की इंजिन नॉक करायला, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके मारायला लागेल. नॉक सेन्सरमुळे ठिणगी उशिरा पडेल आणि ज्या ताकदीसाठी एवढा खर्च केला तीच निघून जाईल. सेन्सरला आवरलं नाही, तर पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्यामधल्या कडा तुटतात. अशा उघडलेल्या इंजिनातला पिस्टन मी हातात घेऊन पाहिला आहे. कड बिस्किटासारखी मोडली होती. कॉम्प्रेशन उतरवायचं तर पिस्टन बदलणं आलं, शिवाय इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) ट्यूनिंग, क्लच. क्लच आणि गिअरबॉक्स ११३ न्यूटन मीटरच्या बेताचे आहेत, हे विसरू नका.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं, तर दाव्याचं काय होईल याचा विचार किटची किंमत बघण्याआधी करा.

तुमचा प्रश्न होता, ‘मग मी घेऊ काय?’ तुमचं रोजचं चालवणं शहरातलं आणि महिन्यातून दोनदा मुंबई, असं तुम्ही लिहिलंय. मारुती फ्रॉन्क्सचं एक लिटर टर्बो किंवा टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो, दोन्ही चालवून बघा, पण शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर नव्हे. घरची चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, चढ गाठा. दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला पाय पूर्ण उचला, तीन सेकंद थांबा, मग दाबा आणि गाडी ओढेपर्यंत मनात मोजा. फ्रॉन्क्सच्या टर्बो इंजिनाला छोटी विजेची मोटर मदतीला आहे. ती किती भरून काढते ते तुमच्या पायालाच कळू द्या. तेवढा उशीर तुम्हाला चालला, तर टर्बो घ्या आणि घाट चढून वर पोचल्यावर लगेच चावी काढू नका. मिनिटभर इंजिन नुसतं चालू द्या, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जळून चिकटणार नाही. ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला.

आणि नाहीच चालला, तर चार मीटरचा आग्रह सोडून होंडा सिटीसारखी दीड लिटरची साधी पेट्रोल गाडी बघा. जास्त कर भरावा लागेल. पण पायाला लगेच उत्तर देणारं, बेल्टवर आणखी काही न लटकवता चालणारं इंजिन तुम्हाला हवं आहे, आणि ते तिथे मिळतं.

कसाऱ्यात दुसऱ्या गिअरवर काय होतं ते इथे नक्की लिहा.