वाडा बांधायचाय? आधी प्लासीला जाऊन या

वीस वर्षं हप्ते भरून दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्यांची मला कीव येते. अहो, घर असं बांधतात का? रॉबर्ट क्लाइव्हकडून शिका. हा गृहस्थ १७४४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा साधा कारकून म्हणून मद्रासला उतरला. पुढे लंडनजवळ सरे परगण्यात क्लेअरमाँट नावाची अख्खी इस्टेट घेतली. तीही हप्त्यांशिवाय.

आधी थोडा सराव लागतो. त्याला आपलं कोकण बरं. १७५६ साली तुळाजी आंग्रेंचा विजयदुर्ग घ्यायला क्लाइव्ह आणि इंग्रज आरमाराचा ॲडमिरल वॉटसन निघाले, तेव्हा लुटीची वाटणी त्यांनी निघण्यापूर्वीच आपसांत ठरवून टाकली होती. मदतीला आलेल्या पेशव्यांचा त्यात वाटा नव्हता. (आपलं आरमार आपणच बुडवू दिलं, याचं मानधन तरी मागायला हवं होतं.)

मग खरी कमाई. लूट म्हणायचं नाही, नजराणा म्हणायचं. १७५७ मध्ये प्लासीनंतर मीर जाफरला बंगालच्या गादीवर बसवलं, तर त्याने प्रेमाने २ लाख ३४ हजार पौंड दिले. नको कसं म्हणणार? माणसाचं मन मोडतं. वर जहागीर मिळाली, वर्षाला सुमारे २७ हजार पौंडांची. तिची गंमत अशी की चोवीस परगण्यांचा जो सारा कंपनी नवाबाला भरायची, तोच आता क्लाइव्हला भरू लागली. म्हणजे मालक नोकराचं कूळ! तुमच्या कंपनीत ही सोय आहे का, एचआरला विचारून बघा.

जागा घेताना घाई नको. क्लेअरमाँट १७६९ मध्ये न्यूकॅसलच्या ड्यूकच्या विधवेकडून घेतलं. तिथे व्हॅनब्रू या वास्तुविशारदाने बांधलेला वाडा उभाच होता, पण सखल, ओलसर जागेवर. पाडला. उंचावर नवा बांधायला उद्यानकार केपेबिलिटी ब्राऊन आणि वास्तुविशारद हेन्री हॉलंड यांना नेमलं. आपल्याकडे ओल आली की आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतो, म्हणून आपण मागे राहतो. इकडे नव्या वाड्याच्या भिंती चढत होत्या आणि तिकडे १७७० च्या दुष्काळात बंगालची एक तृतीयांश माणसं मेली, असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने कळवला. पण बांधकाम चालू असताना वर्तमानपत्र वाचू नये. मन विचलित होतं.

शेजारी बोलणारच. सैतान आत येऊ नये म्हणून या दुष्ट लॉर्डने भिंती एवढ्या जाड घातल्यात, असं सरेचे शेतकरी कुजबुजत, हे इतिहासकार मेकॉलेने लिहून ठेवलंय. चौकशीलाही घाबरू नका. १७७३ मध्ये पार्लमेंटने पैसे घेतल्याचं नोंदवलं आणि त्याच बैठकीत त्याने देशाची थोर सेवा केल्याचंही नोंदवलं. एका हाताने कान पिळायचा, दुसऱ्याने हार घालायचा. 'माझ्याच संयमाचं मला नवल वाटतं,' असं क्लाइव्ह तेव्हा म्हणाला म्हणतात. पाठ करून ठेवा, ईडीसमोर उपयोगी पडेल.

एक किरकोळ अडचण सांगायची राहिली. वाड्यात नीट राहायला मिळण्याआधीच, २२ नोव्हेंबर १७७४ रोजी, क्लाइव्ह लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधल्या घरी वारला, वयाच्या ४९ व्या वर्षी. खेड्यातल्या चर्चमध्ये पुरला, तेही खूण न ठेवता. वाड्यात आता शाळा भरते. बाग पाहायला तिकीट आहे. जाणार असाल तर बूट घाला. सखल भागात अजूनही ओल असेल.