ताई, ते दोन तास कुठे गेले ते सांगू द्या

ताई, राम राम.

माझ्या सायकलच्या दुकानाबद्दल तुम्ही ऑनलाइन लिहिलेलं सकाळी शटर उघडायच्या आधी वाचलं. एक स्टार, आणि खाली लिहिलंय की मुलीसाठी स्वस्तातली माउंटन सायकल घेतली, दुकानदाराने दोन तास ताटकळत ठेवलं, नुसता बोलत बसतो, दहा दिवसांत पुढचा ब्रेक घासायला लागला, सीट उंच, पोरीचे पाय टेकत नाहीत, दुसरीकडे जा.

आधी माफी मागतो. सीटची चूक माझीच. टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा, त्या मापाने मी सीट लावली. रोज चालवणाऱ्याला तेच माप बरोबर असतं, गुडघे दुखत नाहीत, पण थांबल्यावर फक्त चवडे टेकतात. तुमची मुलगी नवीन शिकलेली आहे, तिला पहिले एक-दोन महिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकायला हवेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ब्रेकचं म्हणाल तर नव्या सायकलीची वायर आणि पॅड पहिल्या काही दिवसांत बसत जातात, पॅड जरा सरकला की रिंगला घासतो, म्हणूनच पंधरा दिवसांनी फुकट सर्व्हिसला आणा असं सांगतो. ते मी तोंडी सांगितलं, बिलावर लिहिलं नाही. घाईत तुमच्या ध्यानात राहिलं नसेल. त्याचीही माफी.

पण दोन तास ताटकळत ठेवलं, हे वाक्य काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. दुकानात कॅमेरा आहे, मी त्या शनिवारचं परत पाहिलं. तुम्ही आणि भाऊ 11 वाजून 40 मिनिटांनी आलात आणि 1 वाजून 35 मिनिटांनी सायकल घेऊन निघालात. दोन तासांना पाच मिनिटं कमी, हे कबूल. पण त्यातली पहिली 40 मिनिटं पसंतीत गेली.

मुलीच्या मनात ती गुलाबी, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअपवाली बसली होती. मी नको म्हटलं. त्या किमतीत मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग असते. पोरगी जोर लावते त्यातला काही त्या स्प्रिंगमध्येच जातो, आणि वजन वाढतं ते वेगळंच. भाऊंना 21 गियरची हवी होती. मी विचारलं, शाळा किती लांब? साडेचार किलोमीटर, सगळा सपाट रस्ता. सातपुडा आपल्याला उत्तरेला दिसतो, पण पोरीला रोज तो चढायचा नाही. स्वस्त सायकलीचे गियर शाळेच्या स्टँडवर एकदा का सायकल आडवी पडली की वाकतात, मग साखळी उतरते, मग पोरगी काळ्या हातांनी वर्गात जाते. सरकारच्या मानव विकास योजनेत मुलींना मिळालेल्या सायकलीही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. साध्या, बिनगियरच्या. नीट वापरल्या तर वर्षानुवर्षं टिकतात, हे मी रोज बघतो.

मग मापाचा विषय निघाला. 26 इंच हे चाकाचं माप, फ्रेमचं नाही, हे सांगायलाच दहा मिनिटं गेली, कारण भाऊंचं म्हणणं होतं की पोरगी वाढते आहे, मोठीच घ्या, तीन वर्षं बघायला नको. मी तिला 18 इंची फ्रेमवर उभं करून दाखवलं, वरचा दांडा अंगाला लागत होता. मग उतरत्या दांड्याची 15 इंची घेतली. चाक 26च, टायर जाड, म्हणजे शेतरस्त्यालाही चालते. शेवटी बिनगियरची, फक्त पुढे शॉकअप असलेली ती जांभळी सायकल ठरली, आणि गियरच्या सायकलीपेक्षा तुमचे 2300 रुपये कमी झाले. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तो कमी झालेला कर किमतीत धरलेला आहे, बिल बघा. नुसता बोलत बसतो असं तुम्ही लिहिलंत, ताई. ते बोलणं हे होतं.

जांभळी तयार नव्हती, तुमच्यासमोर खोका फोडला. तेव्हा 12 वाजून 20 मिनिटं झाली होती. खोक्यात पुढचं चाक, हँडल, पायडल, सीट, मडगार्ड सगळं सुटं असतं. नुसतं जोडायचं तर वीस मिनिटांत होतं, तसं जोडून देणारेही आहेत. पण कमी किमतीच्या सायकलीला जास्त हात लावावा लागतो, कारण कंपनीत तिच्यावर तेवढा वेळ कोणी घालवत नाही. पुढच्या चाकाचे छर्रे इतके आवळलेले होते की चाक अडकत फिरत होतं. ते खोललं, ग्रीस भरलं, परत बसवलं. रिंग डोलत होती, आरे ताणून ती सरळ केली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावून चुकीचं फिरवलं तर आटेच जातात. ऑनलाइन मागवलेल्या सायकली असे आटे खाऊन माझ्याच दुकानात येतात. तुमचा रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा, दिवसभर केळीचे ट्रक. त्या रस्त्यावर पोरगी जाणार, आणि मी हँडलचा बोल्ट घाईत आवळू?

मधे एक पोरगा पंक्चर घेऊन आला, त्याला कामावर जायचं होतं, त्याचं मी आधी केलं. ती दहा मिनिटं तुमची होती, हे खरं. त्याबद्दल बोललात तर मी मान खाली घालेन.

पण सायकल 1 वाजून 15 मिनिटांनी तयार होती. तुम्ही 12 वाजून 35 मिनिटांनी वह्या आणायला गेलात आणि 1 वाजून 20 मिनिटांनी परत आलात. तेव्हा ती दारात उभी होती, टायरमध्ये हवा भरलेली, घंटी लावलेली. म्हणजे खोका फोडल्यावर तुम्ही दुकानात बसलात ती 15 मिनिटं. हे मी तुम्हाला खोटं पाडायला लिहीत नाही. पत्र्याखाली उकडतं, खुर्ची एकच आहे, भाऊ उभे होते, एवढा वेळ दोन तासांसारखा वाटला असेल. पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? काल एक बाई दारापर्यंत आल्या आणि मोबाइल बघून परत गेल्या. तुमचंच लिहिलेलं वाचलं की दुसरं काही, मला माहीत नाही, पण रात्री झोप लागली नाही.

माझे वडील बसस्टँडजवळ लिंबाखाली एक पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसायचे. तिथून हे दुकान झालं. जून आणि दिवाळी, या दोन मोसमांवर आमचं वर्ष निघतं, आणि तुमचा एक स्टार जूनमध्येच आला.

खुर्च्या आणि पंख्याचं बघतो आहे. शाळा उघडायच्या दिवसांत हाताखाली एक मुलगा घ्यायचा विचार आहे, आणि मुलींच्या मापाच्या दोन-चार सायकली आधीच जोडून ठेवायचा प्रयत्न करतो. सर्व्हिसची तारीख आजपासून बिलावर लिहायला लागलो.

आता सायकल आणा. बुधवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही, सकाळी नऊच्या सुमाराला या म्हणजे गर्दी नसते. ब्रेक दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. मुलीला मात्र सोबत आणा, सीट तिच्या पायांच्या मापाने लावायची आहे, आणि तो खटका सैल करून सीट खाली-वर कशी करायची हे तिला शिकवून ठेवतो.