काठीचं तिकीट

परवाच्या शुक्रवारी पणजीहून म्हापशाला जाताना बसमध्ये माझ्याकडून झाडाचे दहा रुपये घेतले. माझं तिकीट वेगळं. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पिशवीतून एका कोंबडीनं मान बाहेर काढली होती. ती म्हापशापर्यंत खिडकीतून शोभा बघत आली, तिच्याकडे कुणी दमडी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा तोल कुठे सुटला तर का सुटला ते कळेल.

झाड म्हणजे फायकस. मे महिन्यात म्हापशाच्या वाटेवरच्या एका नर्सरीतून साडेचारशे रुपयांना आणलं. तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं, पानं इतकी गच्च की आत खोड आहे हे बोटानं चाचपून कळायचं. चवथीनंतर अकरा पानं उरली. परवा घरातून निघताना दोन होती. त्यातलं एक बसच्या दारात गेलं आणि शेवटचं किल्नरच्या कोपरानं. ते खाली पडताना मी बघितलं, त्यानंही बघितलं. तो म्हणाला, "फुडें वच, फुडें वच."

बसनं का गेलात, असं विचारू नका. गाडी बायकोच्या ताब्यात असते आणि "त्या खराट्यासाठी मी सीटवर माती सांडून घेणार नाही" असा निकाल आदल्या रात्रीच लागला होता.

तर मी कुंडी मांडीवर घेऊन बसलो. बस मांडवीच्या पुलावर चढली तेव्हा किल्नर आला.

"अंकल, झाडाचे धा."

मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारच्या बाकावरून आवाज आला, "कसलें झाड? पान एक ना. काठी ती!"

सत्तरीची आजी. पायाशी टोपली, टोपलीत तवशी आणि सात शिरांची भेंडी, कपाळावर आडवं कुंकू, आणि चेहरा असा की जन्मात एकही भांडण अर्धवट सोडलेलं नसावं. बाजाराला निघाली होती. माझी तिची ओळख नाही, पण तिनं वकीलपत्र घेतलं.

"मेल्ल्याची तिकेट घेता रे तूं?"

किल्नर विशीतला, पण कच्चा नव्हता. "काठी जाल्यार कुंडी कित्याक?" म्हणजे, काठी असेल तर कुंडी कशाला?

यापुढचं मराठीत सांगतो. कोकणीत भांडण गोड वाटतं आणि हे मला गोड वाटू द्यायचं नाही.

आजी म्हणाली, कुंडी ही कुंडी. रिकाम्या कळशीला कधी तिकीट घेतलंस का? किल्नर म्हणाला, रिकामी नाही, आत माती आहे, वर झाड आहे. आजी म्हणाली, झाड *होतं*. या "होतं"वर तिनं असा भार दिला की मागच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या मुलींनी कानातून बोंडं काढली. मी मध्येच म्हणालो, "आजी, ते तसं मेलेलं नाही, जरा पानं..." तिनं हातानं मला गप्प केलं. अशिलानं मध्ये बोलू नये, एवढाच त्या हाताचा अर्थ.

"बघा हो सगळ्यांनी," ती बसला उद्देशून म्हणाली, "या बाबाचं झाड गेलंय, तो बिचारा कुठे विसर्जनाला घेऊन निघालाय, आणि हा त्याच्याकडे दहा रुपये मागतोय."

बसनं माझ्याकडे बघितलं. पंचेचाळीस-पन्नास माणसांनी एकदम कीव केली की अंगावर काय येतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. कोंबडीनंही बघितलं. दहा रुपये देऊन सुटावं असं वाटत होतं, पण आता ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. दिले असते तर आजीचा खटला पडला असता.

पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापायी बस अडकली. खाली धूळ, वर खांब, मध्ये आम्ही. तिथे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. दारापाशी छत्री घेऊन उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले. प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर असावेत, कारण त्यांनी आधी दोघांनाही गप्प केलं आणि मग विचारलं, "वाद काय आहे?" जणू इतका वेळ त्यांना ऐकूच आला नव्हता.

"झाड जिवंत की मेलेलं, एवढाच प्रश्न ना? मग तपासू या."

त्यांनी अंगठ्याचं नख शेंड्याच्या काडीवर घासलं. सालीखाली तपकिरी, कोरडं. "पाहिलंत!" आजी म्हणाली. तिला इतका आनंद झाला की मला वाईट वाटलं. मास्तर वीतभर खाली आले, पुन्हा घासलं. तपकिरी. किल्नरचा चेहरा पडला. मास्तर बुंध्याजवळ आले, सावकाश नख फिरवलं, आणि पापुद्र्याखाली कोवळा, ओला हिरवा रंग दिसला. क्षणभरानं तिथे पांढऱ्या चिकाचा थेंब जमला.

"वडा-पिंपळाच्या कुळातलं आहे," मास्तर म्हणाले. "चीक आहे, म्हणजे जीव आहे. द्या दहा रुपये."

चार महिन्यांत त्या झाडाबद्दल मिळालेली ही पहिली चांगली बातमी, आणि ती दहा रुपयांना पडली. मी पैसे दिले. आजीनं माझ्याकडे असं बघितलं की मीच साक्ष फिरवली. मग टोपली जवळ ओढत विचारलं, "घरात भांडणं होतात काय?"

"नाही हो."

"बायको बरी आहे?"

"बरी आहे."

"मग तुमचंच कायतरी."

म्हापशाला उतरेपर्यंत ती बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली की दिष्ट काढा, मीठ-मिरची ओवाळा, आणि वडाच्या जातीचं झाड हॉलमध्ये बांधून ठेवू नका.

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर आहे. हे झाड रानात ऐंशी-नव्वद फूट वाढतं, बँकॉकनं त्याला शहराचं झाड म्हणून मान दिलाय, आणि आम्ही त्याला टीव्हीच्या बाजूला उभं करून "इंडोअर" म्हणतो. घरातलं झाड अशी जात निसर्गात नाही, कमी उजेडातही तग धरणारी झाडं तेवढी आहेत. पण हे विकताना कोण सांगतो? माझ्या भाच्यानं तर सांगितलं होतं की नासानं सिद्ध केलंय, फायकस हवा शुद्ध करतं. नासाचा तो अभ्यास आहे, १९८९ चा. पण तो हवाबंद पेट्यांमधला. उघड्या-मिटत्या खिडक्यांच्या घरात खेळत्या हवेशी बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनीच मांडला. माझा हॉल बारा चौरस मीटर. म्हणजे निदान एकशे वीस फायकस. मग आम्ही बसायचं कुठे, आणि बसमध्ये त्यांचे बाराशे रुपये कोण देणार?

झाड दाखवायला मी त्याच नर्सरीत नेलं, तर मालक नव्हता. कामावरच्या मुलानं कुंडी आडवी केली, बुंधा धरून ओढला, आणि पाण्यासकट सगळा गोळा बाहेर आला. कुंडी म्हणजे घरभरणीला आलेली चिनी मातीची भेट. सुंदर, निळी, आणि बुडाला भोक नसलेली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास तुंबलेल्या गटाराचा. निरोगी मुळं पांढरी आणि टणक असतात, हे त्यानं दुसऱ्या रोपाची काढून दाखवलं, तशी गरज नव्हती. मग गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "साहब, आपने पौधा नहीं, मछली पाली है."

तीन बायका हसल्या. त्यातली एक आमच्याच इमारतीतली निघाली, यात आश्चर्य ते काय.

आता माझी बाजू. मी रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालतो, तसंच याला घातलं. तुळस बाहेर उन्हावाऱ्यात आहे, तिच्या पाण्याला जायला वाट आहे. हे बिनभोकाच्या कुंडीत, जून ते सप्टेंबर आपल्याकडे जवळजवळ तीन हजार मिलिमीटर कोसळत असताना, जेव्हा घरातली चादरही सुकत नाही. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की ती गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं. ते बघून माझ्यासारखा माणूस अजून एक तांब्या आणतो. शिवाय पानं जितकी कमी, तितकं झाड पाणी कमी पितं. म्हणजे ते जसजसं बोडकं झालं, तसतशी मी काळजी वाढवली आणि काळजीनंच त्याला बुडवलं.

पण सगळं खापर पाण्यावर फोडणार नाही. पिवळी होऊन, मऊ पडून गळाली ती पानं पाण्याची. जी चांगली हिरवीगार असताना टपटप पडली ती माझ्या पायगुणाची. फायकसला जागा बदललेली खपत नाही. मे महिन्यात मी ते एसीखाली ठेवलं, जूनमध्ये पहिला पाऊस बघू दे म्हणून बाल्कनीत नेलं, जुलैत झड आत येते म्हणून न्हाणीघराच्या खिडकीत, आणि चवथीला आम्ही पाच दिवस गावच्या घरी गेलो तेव्हा बंद फ्लॅटच्या अंधारात, वर भरपूर पाणी घालून. एवढ्या बदल्या सरकारी खात्यातही होत नाहीत. प्रत्येक बदलीत उजेड बदलला, आणि झाडानं जुन्या उजेडासाठी शिवलेली पानं उतरवून ठेवली.

पान "गळतं" हा आपला शब्दच फसवा आहे. झाड ते टाकतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान धड असेतो पानातून ऑक्झिन नावाचं हार्मोन खोडाकडे जात राहतं आणि तो थर गप्प असतो. पान आजारी पडलं, उजेड तुटला, ऑक्झिनचा हप्ता थकला की इथिलिनचं राज्य सुरू होतं. तोच वायू, ज्यानं केळ्याचा घड पिकतो. त्या थरातल्या पेशींचा सांधा विरघळतो आणि एका सकाळी पान फरशीवर. म्हणजे ती पानं अपघातानं नव्हे, विचारपूर्वक नोटीस देऊन काढलेली होती. मी रोज त्या झाडाशी बोलत होतो आणि ते आतल्या आत माणसं कमी करत होतं.

शेजारच्या वैनींचं म्हणणं होतं, पिठ्या ढेकूण असेल. मी भिंग घेऊन एकेक बेचका तपासला. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब घालून फवारायचं, हे पाठ करून ठेवलं होतं. एक ढेकूण सापडला नाही. थोडी निराशाच झाली. माझ्याखेरीज कुणीतरी गुन्हेगार निघाला असता तर बरं वाटलं असतं. चहाचा चोथा घाला असंही त्याच म्हणाल्या होत्या. घातला. चिलटं झाली.

नर्सरीतल्या मुलानं कुजकी मुळं कापली, वरच्या वाळक्या काड्या हिरवं लागेपर्यंत छाटल्या. चार भोकांची प्लास्टिकची कुंडी घेतली, मुळांच्या मापाचीच, मोठी नको म्हणाला, मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. आपली तांबडी माती भिजली की पाटीसारखी बसते, म्हणून तिच्यात बरोबरीनं कोकोपीट आणि जाड रेती, मूठभर गांडूळखत. सूचना दिल्या त्या अशा: बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर हात धुऊन घरी जा. कोरडं लागलं तर खालून वाहीपर्यंत घाला आणि बशीतलं ओतून टाका. नवी पानं येईतो खत नाही. आजारी माणसाला कोण सागोती वाढतो? भरपूर उजेड, पण दुपारचं ऊन नाही, एसी नाही. एक जागा ठरवा आणि मग देव आला तरी हलवू नका. कोंब दिसायला महिना-दीड महिना लागेल.

या सगळ्याचे तीनशे ऐंशी रुपये झाले. साडेचारशेच्या झाडावर. निळी कुंडी परत आणली, तिच्यात आता बायको छत्र्या ठेवते.

परतीच्या बसला तोच किल्नर. झाड आता माझ्या गुडघ्याएवढं, वरून छाटलेलं, खरोखरच काठी. तो आला, बघितलं, हसला, आणि म्हणाला, "अंकल, काठयेचे धा." आजी नव्हती. मी दिले.

कुंडी पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवली. खडूनं फरशीवर तिच्याभोवती गोल काढला. काल सकाळी केर काढताना बायकोनं ती जरा सरकवली. जरा म्हणजे दोन फरश्या. मी काही बोललो नाही. संध्याकाळी ती देवळात गेल्यावर कुंडी परत गोलात ठेवायला उठलो, दोन्ही हातांनी धरली, आणि तसाच वाकून उभा राहिलो. कारण परत ठेवणं म्हणजेही हलवणंच.

अजून ती तिथेच आहे. खडूचा गोल रिकामा.